बिस्किटांच्या डब्यातलं घड्याळ

अण्णा,

गेली तीन वर्षं मी तुमच्याशी ओरडूनच बोललो. तुमच्या डाव्या बाजूला सरकायचं, खांद्याला हात लावायचा, तुम्ही मान वळवलीत की तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द सोडायचा. निर्मला म्हणायची, "अहो, भाऊजींना चहा हवाय का, ते पलीकडच्या सेक्टरात कळलं. आता भाऊजींनाही कळू द्या." तुमचा तेरावा होऊन दोन दिवस झाले. निर्मलेची ताई आत पडलीय. आणि मी तुमच्याशी पहिल्यांदाच हळू बोलतोय, कागदावर. सवय नाही, त्यामुळे अक्षरसुद्धा मोठं यायला लागलंय.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, ही सबब मी स्वतःला देत आलो. पण लिहून द्यायला माझा हात कोणी धरला होता? ग्रंथालयात नोकरी करणारा माणूस मी, कागद आणि शाई यांत जन्म गेला. चार शब्दांची चिठ्ठी लिहायला तीन वर्षं लागली, आणि तीही तुम्ही गेल्यावर.

आपण साडू. या नात्यात भावाची माया नसते आणि शेजाऱ्याचं अंतरही नसतं. दोघांनी एकाच घरातल्या मुली केलेल्या असतात, आणि त्या घरचे लोक जन्मभर दोघांना शेजारी उभं करून कोण उंच ते बघतात. सासरेबुवा सगळ्यांना सांगायचे, "थोरले जावई विमानं दुरुस्त करतात आणि धाकटे पुस्तकांवरची धूळ झटकतात." मी हसायचो. पण माझ्या लग्नात पंगतीला बसलेलो असताना तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं होतंत, ती नजर मी कधी विसरलो नाही. दहा वर्षांनी विचारलं, तर म्हणालात, "आयला, वसंतराव, मी तुमच्याकडं नव्हतो बघत वो, मागं बँड वाजत होता. म्हटलं, ह्या माणसाला बँडच्या तोंडाशी बसवलाय, दोन दिवस कानांत शिट्ट्या वाजतील ह्याच्या." तुमचं म्हणणं बरोबर होतं, दोन दिवस वाजल्या. मी मात्र नवरदेवाला तसं होतंच असं समजून गप्प राहिलो होतो.

मराठी माणसं चंदीगडला बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. चिकटून राहिलो ते आपण दोघं. तुमची हवाई दलातली शेवटची नेमणूक इथली, निवृत्त झालात आणि इंडस्ट्रियल एरियात जनरेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टर म्हणून लागलात. तयार इंजिन चालू करायचं, ऐकायचं आणि सांगायचं, हे चांगलं, हे परत पाठवा. मी विद्यापीठात. माझ्या कामाच्या जागी सगळ्यांत मोठा आवाज पंख्याचा. तुम्ही त्याचाही हेवा करायचात. मी मनात म्हणायचो, हा टोमणाच.

संशय घेण्यात मी पहिल्यापासून हुशार, पण या शहरानं गेल्या काही वर्षांत मला त्यात पदवी दिली. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं. सिनेमाला गेलं की तिकिटाआधी झडती. रस्त्यात पडलेला ट्रान्झिस्टर म्हणजे आत बॉम्ब, साक्षात यम. आमच्या केतकीच्या शाळेत प्रार्थनेनंतर रोज सांगायचे, लावारिस चीज को हाथ न लगाएँ. पोरीनं एकदा घरी येऊन माझाच विसरलेला जेवणाचा डबा काठीनं अंगणात ढकलत नेला होता. कोण कुठे जातो, कोणाकडे कोण येतं, कोणाच्या पिशवीत काय, हे बघत राहणं म्हणजे जबाबदार नागरिक असणं, अशी माझी समजूत झाली होती. आणि बघायला समोर कोण? दर रविवारी जेवायला येणारे तुम्ही.

तुमचं वागणं बदललं होतं, अण्णा. हे मी आजही म्हणेन. आमच्याकडे आलात की तुम्ही नेहमीची आरामखुर्ची सोडून कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत बसायला लागलात. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, सगळ्यांचे चेहरे नजरेच्या टप्प्यात. मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की पाळतीवर असलेली माणसं अशी बसतात. काहीही विचारलं की तुम्ही मान डोलवायचात. मी म्हणालो, "अण्णा, कांदा महाग झाला." मान. "अण्णा, मी कालच वारलो." मान. फोनची घंटा वाजली की तुम्ही उठून बाथरूमला जायचात. तुमच्या घरी फोन केला तर नेहमी ताईच घ्यायची. आणि शनिवार! अर्धी सुट्टी असूनही तुम्ही घरी संध्याकाळी. हातात खाकी पिशवी. ताईला विचारलं तर म्हणाली, "असेल काहीतरी कारखान्याचं." बायको असं म्हणते तेव्हा तिलाही ठाऊक नसतं, हे मला माझ्या घरावरून ठाऊक.

आणि एकदा मी तुमची वही बघितली. बघितली म्हणजे, तुम्ही हात धुवायला गेलात आणि ती पिशवीतून डोकावत होती. चोरून वाचणं हे ग्रंथपालाला शोभत नाही, पण वही उघडी होती असं म्हणू. आत सगळी पुरुषांची नावं. हरनाम, जस्सी, रामआसरे, बिल्लू. प्रत्येकापुढे दोन आकडे. डावा सहा, उजवा चार. डावा दोन, उजवा दोन. बिल्लूच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीनं फुली. मी वही होती तशी ठेवली आणि त्या दिवशी श्रीखंडाची चव कळली नाही. निर्मलेला सांगितलं, तर म्हणाली, "क्रिकेटची टीम असेल." मी म्हणालो, "साठीच्या माणसाची?" ती म्हणाली, "मग तुमच्या मते काय?" माझ्या मते काय होतं, ते मलाच धड ठाऊक नव्हतं. पण बिल्लूची फुली मला झोपू देईना.

मग तो जानेवारीतला रविवार. तुम्ही सकाळी कुठेतरी जाऊन मग आमच्याकडे आलात, जेवलात, आणि ताई नि निर्मलेला घेऊन गाजरं आणायला बाजारात गेलात. त्या दोघींना वाटेत शिंप्याकडे थांबायचं होतं. पिशवी राहिली दिवाणखान्यात, तुमच्या त्या खुर्चीखाली. केतकी तिच्या खोलीत. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. घरात इतकी शांतता की मला बरं वाटलं, आणि त्या शांततेतच मला ती टिकटिक ऐकू आली.

भिंतीवरचं घड्याळ आठवडाभर बंद होतं. मी वाकलो. टिकटिक पिशवीतून. बोटाच्या टोकानं पिशवीचं तोंड वर केलं. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर आलेल्या पिवळ्या-निळ्या दोऱ्या. मला त्या दोऱ्या दिसल्या नाहीत, अण्णा. मला वायरी दिसल्या.

मी ओरडलो, "केतकी, बाहेर पळ!" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. खोलीत जाऊन बघतो तर बाईसाहेब पलंगावर पालथ्या, कानांवर हेडफोन, पाय हवेत ताल धरतायत. मी ते खेचले तेव्हा त्यांतला आवाज दारापर्यंत आला. "क्या है, बाबा? गाना तो खत्म होने दो!" तिला ओढत समोरच्या पार्कात नेऊन बसवलं. आणि मग मी परत घरात गेलो. लोकांना वाटतं, मी शेजाऱ्यांना सावध करायला गेलो. मी फोन करायला गेलो होतो.

ती गोष्ट हीच.

पोलिसांनी विचारलं, पिशवी कोणाची? मी म्हणालो, माझ्या साडूची. आदमी कैसा है? एवढाच प्रश्न होता. मी म्हणू शकलो असतो, भला माणूस आहे, काहीतरी घोटाळा झालाय, येऊन बघा. त्याऐवजी चार महिने साठवलेलं सगळं मी त्या काळ्या रिसीव्हरमध्ये ओतलं. भिंतीला पाठ लावून बसतो. फोन घेत नाही. शनिवारी गायब असतो. नावांची यादी ठेवतो, त्यावर फुल्या मारतो. आणि नाव विचारल्यावर म्हणालो, "एक शुभचिंतक." माझ्या त्या हिंदीवरून अख्ख्या चंदीगडात माझं घर शोधायला दहा मिनिटं लागली नसती, पण माणूस भेदरला की त्याला आपण फार चलाख वाटतो.

ते आले. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना दोरी लावली. वाळूची पोती आणली. पार्कात सगळा ब्लॉक गोळा झाला. मी केतकीचा हात धरून उभा होतो, तेवढ्यात वळणावरून तुम्ही आलात. एकटेच. हातात गाजरांची पिशवी. गर्दी बघितलीत आणि एकदम चालायचा वेग वाढवलात. दोरीजवळचा शिपाई ओरडला, "ओ बाऊजी, रुक जाओ!" तुम्ही दोरी वर उचललीत आणि खालून आलात. "रुको!" तुम्ही चालताय. "हॉल्ट!" तुम्ही आणखी भरभर. फौजदारानं मला विचारलं, "यही है?" आणि मी, अण्णा, मान हलवली. हेच माझे साडू, एवढ्याच अर्थानं हलवली, असं मी पुढे हजारदा स्वतःला सांगितलं. त्यानं तो अर्थ घेतला नाही. दोन बंदुका वर झाल्या.

"अण्णा!" मी ओरडलो. "अण्णा, थांबा!" इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वीस पावलांवर होतात तुम्ही, ऊन तोंडावर, आणि माझी हाक तुमच्यापर्यंत पोचतच नव्हती. तेव्हा मला कळलं. चार महिन्यांचं सगळं एका क्षणात कळलं. खुर्ची, मान डोलवणं, फोन. मी हात वर करून वेड्यासारखा धावलो. निर्मला सगळ्यांना सांगते, आमचे हे बंदुकीसमोर गेले. तिनं बघितलं नाही म्हणून तिला सांगता येतं. माझी चप्पल तुटली होती आणि मी धावण्यापेक्षा जास्त पडत होतो. तुम्हाला मी दिसलो. तुम्ही हसलात आणि गाजरांची पिशवी वर करून दाखवलीत. फौजदारानं हातानं शिपायाची नळी खाली दाबली.

नंतर तुम्ही म्हणालात, "मला वाटलं, पोरीला काय झालं की काय. म्हणून पळत होतो."

डब्यात गजराचं जुनं घड्याळ निघालं. आणि कानांत घालायचे रबराचे बोळे, दोन-दोन दोरीनं जोडलेले, धुऊन पुसून रुमालात बांधलेले. घड्याळ टिकटिकतंय, डबा पत्र्याचा आहे, त्यामुळे ते खोलीभर ऐकू जातंय, हे तुम्हाला कळणार कसं? तुम्ही ते कित्येक वर्षांत ऐकलंच नव्हतं.

वही मात्र फौजदाराला पटेना. तुम्हाला चौकीवर नेलं. वहीतल्या सात जणांना कारखान्यांच्या वस्तीतून उचलून आणलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. तुमचा मालकही आला, कारण सातांतले तिघे त्याचे. फौजदार म्हणाला, "इंजन टेस्टर हो. कान की नौकरी करते हो. और कहते हो, घड़ी सुनाई नहीं देती?" तुम्ही मालकाकडे बघितलंत. मला ती नजर दिसली. एक वाक्य बोलला असतात, हो, चुकून घड्याळ चालू राहिलं, तर तुमची नोकरी वाचली असती. वहीचा खुलासा काही झाला नसता, आणि ते सात जण आतच राहिले असते. तुम्ही म्हणालात, "साहब, आप पीछे खड़े हो जाओ. घड़ी मेरे कान के पास लाओ. जब मन करे, दूर ले जाओ." फौजदार तुमच्या मागे गेला. घड्याळ उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. थोड्या वेळानं म्हणालात, "लाए क्या? बज रही है क्या? मेरे को बताना पड़ेगा, साहब."

फौजदारानं घड्याळ टेबलावर ठेवलं.

मग तुम्ही सगळं सांगितलंत. विमानांच्या इंजिनांजवळ कानांवर जाड गोल झाकणं मिळायची, सक्ती होती. पण जुन्या हातांची एक पद्धत होती: इंजिन उघड्या कानानं ऐकायचं. झाकण लावून ऐकणारा म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणारा वैद्य. म्हणून उजवं झाकण वर सरकवायचं, अर्धा मिनिट, एक मिनिट. दिवसातून वीसदा. "आधी चिमण्या गेल्या," तुम्ही म्हणालात. "मग बायकांचे आवाज, मग पोरांचे. इंजन सबसे आखिर में जाता है, इसलिए पता नहीं चलता." कारखान्यात डॉक्टर दर वर्षी मागे उभा राहून आकडे कुजबुजायचा. दर वर्षी तेच आकडे, त्याच क्रमानं. ते तुम्ही पाठ केले होते. आणि इंजिन? ते तुम्ही तळहातानं ऐकत होतात. हात ठेवला की तुम्हाला कळायचं, आणि एकही इंजिन कधी परत आलं नव्हतं.

शनिवारचंही कळलं. पत्रा ठोकणाऱ्या, प्रेस चालवणाऱ्या माणसांना तुम्ही सुट्टीनंतर बसवायचात, डोळे मिटायला सांगायचात आणि घड्याळ किती विती लांब नेलं की ऐकू येणं थांबतं ते लिहायचात. ज्याचा आकडा घसरला त्याला फुली. बिल्लूचा घसरला होता. सात जणांना सोडून दिलं. सोमवारी मालकानं तुम्हाला सोडलं. बहिरा टेस्टर ठेवला हे गिऱ्हाइकांना कळलं तर, म्हणाला. गिऱ्हाइकांना तोपर्यंत तक्रार नव्हती, पण ती होऊ शकते असा त्याला संशय आला. त्या दिवसांत तेवढं पुरायचं.

आणि माझं खोटं? ते मी चौकीवरून परत येतानाच बोललो. कोणी विचारलंही नव्हतं. स्कूटर ढकलत चालताना म्हणालो, "शेजारच्या चोप्रासाहेबांनी फोन केला वाटतं. फार भित्रा माणूस." तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. म्हणालात, "असं?" घरी ताई आणि निर्मलेसमोर मी तेच पुन्हा सांगितलं. तुम्ही चहा फुंकत म्हणालात, "पण चोप्राला कसं वो कळलं, मी भिंतीला पाठ लावून बसतो? फौजदार तेच विचारत होता मला." मी म्हणालो, "खिडकीतून दिसत असेल." तुम्ही खिडकीकडे बघितलंत. पडदा होता. मग तुम्ही मान डोलवलीत.

मला वाटलं, ऐकू नाही आलं.

त्यानंतर तुम्ही मोकळे झालात आणि माझ्यामागे लागलात. आता लपवायला काही नव्हतं ना. मला डोळे मिटून बसवलंत आणि घड्याळ फिरवलंत. उजवा सहा विती, डावा चार. "स्कूटरचा सायलेन्सर फुटलाय, ती बाजू," म्हणालात. मी म्हणालो, "ग्रंथपालाला चार विती पुष्कळ." तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः सायलेन्सर बदलून आणलात. केतकीला सांगितलंत, हेडफोन घालून तुला आई हाक मारते ते ऐकू आलं पाहिजे, एवढाच आवाज ठेवायचा. ती म्हणाली, "अण्णाकाका, फिर तो मम्मी को भी सुनना पड़ेगा." तुम्ही इतके हसलात. मला तुमचं एक वाक्य अजून रोज आठवतं: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर ती जागा कानाची वैरीण, तिथून निघा, नाहीतर कान झाका. आणि कापूस नको. कापूस घालून माणूस कानाला नाही, स्वतःला फसवतो.

आपलं भांडण एकच होतं आणि ते अर्धवटच राहिलं. मी म्हणायचो, अकरा वर्षं स्वतः लपवलंत आणि लोकांना शिकवायला निघालात? तुम्ही म्हणायचात, "दारू वाईट हे बेवड्यानंच सांगावं, वसंतराव. दुसऱ्याचं कोण ऐकतंय?" मी म्हणायचो, निदान घरच्यांना सांगायचं. तुम्ही म्हणायचात, "घरच्यांना सांगितलं की ते घरच्यांपाशी राहतं का?" त्यावर मी विषय बदलायचो. दर वेळी. हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

शनिवारी मात्र कोणी येईना. वही पोलिसांकडे गेली होती. बोळे घ्यायला आलो तर नाव लिहिलं जाईल, आणि लिहिलेलं नाव कुठे पोचेल ते सांगता येत नाही. तुम्ही नावं लिहिणं सोडलंत, तरी येईनात. पाच-सहा शनिवार तुम्ही रिकामे बसून परत आलात. ताईनं मला सांगितलं, तुम्ही नाही. हे मी केलं होतं, अण्णा. नोकरी गेल्याचं तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण पिशवी तशीच घेऊन परत येताना तुमचे खांदे मी गॅलरीतून बघितलेत.

शेवटी आला तो हरनाम. प्रेसवरचा. त्याचं म्हणणं, पगडीनं कान झाकलेलेच असतात, मला काय करायचेत बोळे? तुम्ही त्याला पगडीसकट डोळे मिटून बसवलंत, मग पगडी वर करून बसवलंत. आकड्यात काडीचा फरक नाही. वर ती डोक्यावरची झाकणं पगडीवर नीट बसतही नाहीत, फट राहते आणि आवाज फटीतून आत शिरतो. म्हणून बोळेच. डोक्यावरून उलटा हात नेऊन कान वर ओढायचा आणि मग बोळा आत सरकवायचा, हे तुम्ही त्याला माझ्या कानावर करून दाखवलंत. मी निषेध केला, पण तुम्हाला तो ऐकू आला नाही, किंवा येऊ दिला नाहीत. हरनाम परवा तुमच्या तेराव्याला आला होता. बोळे त्यानं पगडीच्या घडीत खोचले होते. म्हणाला, आता आमच्या शेडमध्ये अकरा जण घालतात. नावं त्यानं सांगितली नाहीत आणि मीही विचारली नाहीत.

काल चोप्रासाहेब बसायला आले. चहा घेतला नाही, अशा घरी घेत नाहीत म्हणाले. मी समोर बसलो, मान खाली. तीन वर्षं मी या माणसाच्या नावावर माझं पाप ठेवून त्याच्याच गॅस-सिलिंडरच्या रांगेत उभा राहिलो. तुम्ही त्यांच्याशी तसेच हसून बोलायचात, त्यांच्या नातवाचे कान तपासायचात. मी मनात म्हणायचो, काय दिलदार माणूस, चुगली करणाऱ्याला माफ केलं.

चोप्रासाहेब म्हणाले, "बड़े नेक आदमी थे जी. वो जिस दिन आपके घर पुलिस आई थी ना, उस सुबह मुझे बस अड्डे वही छोड़ के आए थे, अपने स्कूटर पे. मेरी बहन की तबीयत खराब थी, अंबाले. मैं तो तीन दिन बाद लौटा, तब पता चला यहाँ क्या हुआ."

मी विचारलं, "उस सुबह?"

"हाँ जी. इतवार था. बस में बिठा के गए. खिड़की से पानी की बोतल भी पकड़ाई."

ते गेले. म्हणजे स्कूटर ढकलत मी तुम्हाला चोप्रांचं नाव सांगितलं, तेव्हा चोप्रा अंबाल्याला होते, आणि ते तुमच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणालात, "असं?" आणि त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवलात, माझा सायलेन्सर बदललात, माझ्या मुलीचे लाड केलेत. ताईला सांगितलं नाहीत. मला विचारलं नाहीत. फक्त ते खिडकीचं एकदा विचारलंत.

कालपासून एकच आठवतंय. रविवारी निघताना चपला घालून झाल्यावरही तुम्ही दारात उभे राहायचात. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. हात चौकटीवर, डावा कान माझ्याकडे, आणि डोळे माझ्या तोंडावर. मी म्हणायचो, "या हं, अण्णा, पुढच्या रविवारी." मग तुम्ही निघायचात. मला वाटायचं, तुम्ही ताईसाठी थांबलाय.

ताई तर केव्हाच फाटकाबाहेर गेलेली असायची.